मनाचं दुखणं सांगायचं कुणाला? सोलापूरच्या मुलामुलींकडून वारंवार येणारे प्रश्न

आमच्या अभ्यासिकेच्या दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवलाय. मूळचा शेंगाचटणीचा. झाकणाला चीर पाडली आणि त्याची प्रश्नपेटी झाली. नाव लिहायचं नाही, एवढाच नियम. कितीही धुतला तरी चिठ्ठ्यांना अजून लसणाचा वास येतो. मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे डबा उघडायचं काम माझ्याकडे आलं. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. एकच उत्तर दोनदा नको म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिलेत.

आत्ता, या घडीला जीव नकोसा झाला असेल, तर बाकी काही वाचू नकोस. १४४१६ हा सरकारी मदतीचा नंबर लाव, नाहीतर सरळ प्रश्न ९ वर जा.

१. मानसिक आजार म्हणजे वेड लागणं का?

नाही. "तुला येरवड्याला पाठवू" हे वाक्य आपण लहानपणापासून इतकं ऐकतो की मनाचा डॉक्टर म्हटलं की गज असलेली खोलीच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात मानसोपचाराच्या ओपीडीत बाकावर बसलेली बहुतेक माणसं केस पेपर घेऊन येतात, बोलतात, गोळ्या घेतात आणि दुपारच्या जेवणाला घरी असतात. कुणाला झोप नाही, कुणाला सारखी भीती, कुणी सहा महिन्यांत हसलेलं नाही.

देशात २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात १३ ते १७ वयाच्या १०० मुलांमागे सुमारे ७ जणांना काही ना काही मानसिक आजार आढळला. साठ पोरांचा वर्ग धर, म्हणजे चार जण. कोणते चार, ते बाकावर बसल्या बसल्या ओळखू येत नाही.

२. टेन्शन तर सगळ्यांनाच असतं. माझं जास्त आहे हे कसं ओळखायचं?

टेन्शनला कारण असतं आणि कारण संपलं की तेही उतरतं. पेपर झाला, भूक लागली, झोप आली, तर ते टेन्शन होतं. पेपर होऊन तीन आठवडे झाले तरी घास उतरत नाही, तेव्हा थांबून बघायचं. उदासी, चिडचिड किंवा कशातच मन न लागणं दिवसातला बराच वेळ आणि सलग दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. तूही घे.

दुसरी खूण म्हणजे आवडीच्या गोष्टी सुटणं. एक मुलगा दरवर्षी गड्ड्याची यात्रा उघडली की पहिल्या दिवशी पाळण्यात बसणारा. एका जानेवारीत मित्रांना म्हणाला, "तुम्ही जावा की, मला नको." त्यांना वाटलं पैसे नसतील. पैसे होते.

तुमच्या वयात उदासी रडण्यातूनच दिसते असं नाही. पुष्कळदा ती संतापातून दिसते. घरचे म्हणतात पोरगं उद्धट झालंय. आणि कधी कधी कारण शरीरात असतं. रक्त कमी असणं किंवा थायरॉईड बिघडणं यानेही गळून गेल्यासारखं वाटतं, म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. तो टाळाटाळीचा प्रकार नव्हे.

३. अचानक छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरतोच असं वाटतं. ईसीजी मात्र नॉर्मल येतो. मी नाटक करतोय का?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. बारावीत मला हेच होत होतं. तीन वेळा ईसीजी काढला आणि तिसऱ्या वेळी तिथले डॉक्टर माझ्यासमोर बाबांना म्हणाले, "काही नाही, अभ्यास टाळायची नाटकं आहेत." परतताना रिक्षात बाबा माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

ते नाटक नव्हतं. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. समोर वाघ आला तर शरीर जे करेल तेच ते वाघ नसताना करतं. धडधड खरी असते, घाम खरा असतो, धोका तेवढा नसतो. बहुतेक वेळा साधारण दहा मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. तेवढा वेळ खाली बसायचं आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. पहिल्यांदाच होत असेल तर हृदयाची तपासणी जरूर करून घ्यायची. ती नॉर्मल आली की "काहीच नाही" म्हणून विषय मिटवायचा नाही, पुढच्या डॉक्टरांकडे जायचं. यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात.

४. समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट: कुणाकडे जायचं?

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. ते एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात, गोळ्या लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात, पण गोळ्या देत नाहीत. माझ्यासारखे समुपदेशक ऐकून घेतात, वाट दाखवतात, आणि दुखणं आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं की पुढे पाठवतात. निदान पाठवायला हवं. "मीच बरं करतो, कुठे जायची गरज नाही" असं म्हणणाऱ्याकडून तू मात्र उठून ये.

सुरुवात कुठूनही केलीस तरी चालते. चुकीच्या दारात गेलास तर योग्य दार ते दाखवतात.

५. सोलापुरात जायचं कुठे? आमच्याकडे खाजगी डॉक्टरांचे पैसे नाहीत.

सिव्हिल. म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तिथे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जायचं, खिडकीवर केस पेपर काढायचा, "मानसोपचार" म्हणायचं. एवढा एक शब्द म्हणायला जीभ जड होते, माहीत आहे. रांगेत मागे कोण उभं आहे ते तेवढ्यात दहा वेळा बघून होतं. खिडकीतल्या माणसाने तो शब्द त्या सकाळीच कितीतरी वेळा ऐकलेला असतो. तो मान वर करत नाही.

आत बहुधा आधी शिकाऊ डॉक्टर सगळं विचारून घेतात: झोप, भूक, शाळा, घर, व्यसन, मरणाचे विचार. नंतर मोठे डॉक्टर. तेच पुन्हा सांगावं लागतं म्हणून चिडू नकोस. आधीचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि सोबत एक माणूस घेऊन जा.

तालुक्याला राहत असशील, बार्शी, करमाळा, सांगोला कुठेही, तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात "जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम" हे शब्द वापरून विचार. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत "मैत्री" नावाची केंद्रंही असतात. गावच्या आशाताईला यातलं बरंच ठाऊक असतं. आणि फोन तर आहेच, पुढचा प्रश्न बघ.

६. १४४१६ वर फोन केला की नेमकं काय होतं? घरी कळतं का?

ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, फोन फुकट. आधी भाषा निवडायला सांगतात. मराठी आहे, आणि आपल्या सोलापुराच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तेलुगू आणि कन्नडही आहे. घरात जी भाषा बोलतोस त्याच भाषेत रडता येतं, हे मी पूर्व भागातल्या मुलांकडून शिकले. शाळेत मराठीत फडाफडा बोलणारी पोरगी आजीची आठवण सांगताना तेलुगूवर जाते.

पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतात, गरज पडली तर तज्ज्ञांशी जोडून देतात. खरं नाव सांगायलाच पाहिजे असं नाही. मोबाईल घरात सगळ्यांचा मिळून असेल तर कॉलच्या यादीत नंबर राहतो, तेवढं ध्यानात ठेव. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६.

मारहाण, छळ, घरातून पळून जायची वेळ, असं काही असेल तर १०९८. तो अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, चोवीस तास.

७. आईबाबांना कसं सांगू? ते म्हणतील, "आमच्या वेळी नव्हतं बे असलं काही."

म्हणतीलच. पहिल्या वाक्यावर बोलणं संपवायचं नाही.

नावापासून सुरुवात करू नकोस. "मला डिप्रेशन आहे" म्हटलं की घरचे त्या शब्दाशीच भांडत बसतात. झालंय काय ते सांग. "पंधरा दिवस रात्री दोनपर्यंत झोप येत नाही. वर्गात फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही. मला डॉक्टरला दाखवायचंय." आईबापाला झोप कळते, भूक कळते.

वेळही बघायची. एका मुलीची आई घरी बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं, नजर खाली. मुलीने बरोबर तीच वेळ धरली, कारण डोळ्यांत बघून बोलायचं तिच्याने होत नव्हतं. शेजारी बसून पानं कातरता कातरता सांगून टाकलं. आईचे हात थांबले नाहीत, फक्त पुढच्या बिडीचा दोरा दोनदा सुटला. मग आई म्हणाली, "शनिवारी मजुरी मिळते. सोमवारी जाऊ." झालं एवढंच.

सगळ्यांच्या घरी असं होत नाही. आईवडील ऐकतच नसतील तर मामा, आत्या, मोठी बहीण, वर्गशिक्षक, ज्याचं घरात ऐकलं जातं असं कुणीतरी गाठ. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठी लिही. आमच्या डब्यातल्या दोन चिठ्ठ्या पुढे तशाच आईबाबांच्या हातात गेल्यात, लिहिणाऱ्यांच्याच हाताने.

८. मी सोळा वर्षांची आहे. एकटी जाऊ शकते का? सांगितलेलं गुप्त राहतं का?

समुपदेशकाशी किंवा १४४१६ वर एकटी बोलू शकतेस. औषधोपचार सुरू करायचा तर अठरा वर्षांखाली पालकांची संमती लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलांच्या वतीने पालक निर्णय घेतात.

गुप्ततेचा हक्कही त्याच कायद्यात आहे. तुझ्या वर्गशिक्षिकेने विचारलं म्हणून डॉक्टर तिला काही सांगत नाहीत. पण दोन ठिकाणी आम्ही गप्प बसू शकत नाही. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तेव्हा, कारण २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ही गोष्ट मी पहिल्याच भेटीत सांगते. न सांगता कळवलं तर मुलांना वाटतं ताईने दगा दिला, आणि त्यांचं वाटणं बरोबरच असतं.

९. मरावंसं वाटतं. खरंच करेन की नाही माहीत नाही.

माहीत नसलं तरी आजच सांग. असा विचार लाटेसारखा येतो, चढतो आणि उतरतो. तो चढलेला असताना एकटं राहायचं नाही, एवढं एकच काम आत्ता कर. उठून ज्या खोलीत माणूस आहे तिथे जाऊन बस. १४४१६ लाव. हातून काही घडेल असं वाटत असेल तर ११२ किंवा १०८ लाव, नाहीतर कुणालातरी घेऊन सिव्हिलच्या अपघात विभागात जा. तो रात्रीही उघडा असतो आणि हे तिथे नेण्यासारखंच कारण आहे.

स्वतःला इजा करून घेणाऱ्यांनाही हेच सांगते. "लक्ष वेधायला करतेस" असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. लक्ष द्यायला हवं आहे, तेव्हा ते वेधलं तर बिघडलं काय? जखम आधी स्वच्छ करून दाखवून घे, मग बाकीचं बोलू.

घरच्यांसाठी: "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ. लाट उतरेपर्यंतचा वेळ त्याने मिळतो.

१०. मैत्रिणीने सांगितलं की तिला मरावंसं वाटतं, आणि आईची शपथ घातली की कुणाला सांगू नकोस.

शपथ मोड. तिला सांगून मोड: "मी हे एकटी पेलू शकत नाही, मी बाईंना सांगणार आहे, तू पण चल." चिडेल. महिनाभर बोलणार नाही कदाचित. तू तिची डॉक्टर नाहीस, रात्र रात्र चॅटवर जागून तिला जिवंत ठेवणं हे नववीतल्या पोरीचं काम नव्हे. मोठ्या माणसाच्या हातात विषय दिलास की तुझं काम झालं. मग डबा खाताना तिच्या शेजारी बसायचं, ते मात्र तूच करायचं.

११. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचला, तर पोलीस केस होते का?

या भीतीने लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात, म्हणून नीट वाचा. रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं, पोलीस येऊन जबाब घेऊ शकतात. शिक्षेचं मात्र चित्र बदललंय. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असं करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. तेव्हा आधी दवाखाना.

१२. गोळ्यांची सवय लागते का?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात काम करत नाहीत, गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंदही करायच्या नाहीत. डॉक्टर हळूहळू कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने काहीही आणायचं नाही.

तुमच्या वयासाठी एक वेगळी सूचना. पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांची बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना कळवायचं. घरच्यांनाही हे आधी सांगून ठेव.

१३. दहावीत नापास झालो. आता संपलं सगळं.

वर्षही संपलेलं नाही. पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. निकालाच्या दिवशी घरात ठेवायची एकच काळजी: पोराला एकटं सोडू नका आणि शेजाऱ्याच्या टक्क्यांचा विषय काढू नका. त्या दिवशी काही टोकाचं वाटलं तर प्रश्न ९.

१४. तोंडी सगळं येतं, लिहायला बसलं की अक्षरं उलटीपालटी होतात. सर म्हणतात ढ आहेस.

सरांना म्हणावं तपासून तरी बघू. याला अध्ययन अक्षमता म्हणतात, तिचा हुशारीशी संबंध नाही. मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. नववीतच हालचाल करा. फेब्रुवारीत धावाधाव करून प्रमाणपत्र हाती येत नाही. वर्षानुवर्षं "ढ" ऐकून आलेली उदासी असेल तर तिच्यावरही त्याच वेळी बोलायचं.

१५. मावा खाल्ला की डोकं शांत होतं. मग वाईट काय?

शांत होतं ते तंबाखूचीच तलफ भागते म्हणून. दोन तासांनी तीच तलफ बेचैनी घेऊन परत येते आणि तुला वाटतं आपल्याला टेन्शन आलं. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शाळेच्या १०० यार्डांच्या आत विकणं, दोन्ही गुन्हा आहे. शाळेच्या भिंतीला लागून पुड्या मिळतात ते मलाही दिसतं. सोडायला मदत हवी तर १८००-११२-३५६.

१६. घरचे म्हणतात बाहेरचं झालंय, देवर्षीकडे नेतात.

सिद्धेश्वराला जाऊन आल्याने कुणाचं काही बिघडत नाही. तळ्याकाठी बसून माझंही मन निवतं. अंगारा लावायचा तर लावू दे, गोळी तेवढी चुकवू नकोस. घरच्यांशी देव आहे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा "दोन्ही करू" म्हटलं की दवाखान्याची वाट मोकळी होते. पण भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथे "दोन्ही करू" चालत नाही. १०९८ किंवा ११२ लाव.

१७. अभ्यासात मन लागत नाही म्हटल्यावर घरी माझं लग्न ठरवतायत. मी सतरा वर्षांची आहे.

२००६ च्या कायद्याने मुलीचं अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही. १०९८ वर सांग, कुणी सांगितलं ते गुप्त ठेवायला सांग. आणि लग्नाने उदासी जात नाही. आजारी पोरगी सासरी गेली की ती तिथे आजारी असते, आणि सांगायला माणूस उरत नाही.

१८. पोलीस भरती करायचीय. सिव्हिलला नाव लागलं तर अडचण येईल का?

शाळेच्या दाखल्यावर असा कुठला रकाना नसतो आणि दवाखाना तुझे कागद शाळेला पाठवत नाही. परीक्षेच्या भीतीसाठी चार वेळा समुपदेशन घेतलं म्हणजे आजाराचं निदान झालं असंही नव्हे. मात्र भरतीत वैद्यकीय तपासणी असते आणि काही गंभीर मानसिक आजार तिथे आडवे येतात, हे खरं आहे. पण आजार लपवून, उपचाराविना मैदानावर उतरलेला मुलगा सोळाशे मीटरला कसा धावतो तेही मी बघितलंय. उपचार घे. फॉर्ममध्ये जे विचारलंय त्याचं खरं उत्तर लिही.

१९. एकदा गेलो होतो. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. पुन्हा कशाला जाऊ?

माझ्या त्या तिसऱ्या ईसीजीनंतर मीही हेच म्हटलं होतं. चौथा माणूस भेटायला दीड वर्ष गेलं. त्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "हे व्हायला लागलं तेव्हा तू कुठे होतीस?" मी सांगितलं, वर्गात, गणिताचा तास, खिडकीजवळ. त्यांनी ते लिहून घेतलं.

पुन्हा जाताना दुसऱ्या डॉक्टरांचा दिवस विचारून जा. काय सांगायचंय ते कागदावर लिहून ने, म्हणजे घाईत राहून जात नाही. सोबत कुणी नसेल तर तसं चिठ्ठीत लिही आणि नाव न लिहायचा नियम त्या एका चिठ्ठीपुरता मोड. डबा मी रोज सायंकाळी सहाला उघडते.